‘सेटअप’ नावाचा फोल्डर: देवगडच्या एका घरातलं स्पायवेअर प्रकरण

पाडव्याचा रविवार, ३० मार्च २०२५. गुढीला नैवेद्य दाखवून ताटावर बसतोय तोवर आमच्या भागातल्या आंबा बागायतदार अण्णांचा फोन. "अरे, ठाण्याचो गिऱ्हाईक म्हणता काल पैसे टाकलंय, पेटी कधी सुटतली? माझ्या खात्यात एक रुपयो येवक नाय."

जामसंड्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. आंब्याच्या हंगामात असे फोन नवे नाहीत. रेंज जाते, बँकेचा मेसेज उशिरा येतो, ॲप मध्येच अडकतं. मी म्हटलं, "अण्णानू, त्यांच्याकडून पावतीचो फोटो मागवा आणि माका धाडा." फोटो आला आणि जेवण तिथेच राहिलं. पैसे शनिवारी संध्याकाळी व्यवस्थित गेले होते. घेणाऱ्याचं नाव तेवढं अण्णांचं नव्हतं.

ठाण्याच्या बाईंनी सोबत तो मेलही धाडला होता, 'या वर्षी खाते क्रमांक बदलला आहे' असं सांगणारा. पाठवणाऱ्याचा पत्ता मी एकेक अक्षर लावून वाचला. कुठे तरी एखादं अक्षर जास्तीचं निघावं असं वाटत होतं, कारण नकली पत्ता असता तर गिऱ्हाइकांना सावध करून काम संपलं असतं. पत्ता अण्णांचाच होता. मेल गेल्या वर्षीच्या ऑर्डरला उत्तर म्हणून गेला होता आणि खाली मागचा सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा होता. म्हणजे चोर दारात उभा नव्हता, माजघरात बसून लिहीत होता.

मजकूर वाचून मात्र अण्णांना ओळखणाऱ्या कोणालाही ठसका लागला असता. अण्णा अजून 'स. न. वि. वि.' लिहितात, 'पहिली तोड झाली, आंबे अढीत घातले आहेत' असं कळवतात. या मेलमध्ये 'आपल्या आदेशाची पुष्टी करण्यासाठी अग्रिम भुगतान' मागितलं होतं आणि पेटीला 'बॉक्स' म्हटलं होतं. मशीनने केलेलं मराठी. पुढे कळलं, हा मेल ११ जणांना गेला होता. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला भाषा खटकली होती. त्याने मेलवरच विचारलं, 'अण्णा, हे तुम्हीच लिहिलंत ना?' तासाभरात उत्तर आलं, 'होय.' ते उत्तर अर्थात चोराचं. तीन जणांनी पैसे पाठवले, मिळून १८,५०० रुपये.

घराबद्दल थोडं सांगतो. गाव कुणकेश्वर आणि मिठबांव यांच्या मधलं; नेमकं नाव दिलं तर घर लगेच ओळखू येईल. हापूसची कलमं आहेत, समुद्राकडच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. संगणक पडवीत, खाऱ्या हवेने स्क्रू गंजलेले, वर काकीने शिवलेलं कापडी झाकण. अण्णांचा गिऱ्हाइकांचा हिशोब त्यावर, काकीच्या खोल्यांचं बुकिंग त्यावर, पाहुण्यांची तिकिटं छापायची ती त्यावर, आणि सुट्टीत येणाऱ्या पोरांचे खेळही त्यावरच. विंडोजमध्ये खातं एकच, 'होम' नावाचं, ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे हक्क असलेलं, पासवर्ड नाही. आपल्याकडच्या दहातल्या नऊ घरांत मला हेच दिसतं.

पहिला तास

"संगणक चालू आसा?" मी विचारलं.

"आसा. पुतण्याक डोंबिवलीक फोन लावलंय, तो सांगता तसो पासवर्ड बदलतंय."

"बदलू नका. हात काढा आणि आधी राउटरची वायर काढा."

घाबरलेला माणूस जे पहिलं करतो तेच अण्णा करत होते, आणि तेच करायचं नसतं. ज्या संगणकावर कोणी टपून बसलेलं असण्याची शंका आहे त्यावरच नवा पासवर्ड टाइप करणं म्हणजे चोरासमोर नवं कुलूप विकत घेऊन किल्ली त्यालाच सांभाळायला देणं. आधी इंटरनेट तोडायचं. पासवर्ड दुसऱ्या, धड असलेल्या उपकरणावरून बदलायचे. इथे काकीचा फोन कामाला आला, तोही घरच्या वायफायवर न ठेवता मोबाईल डेटावर. वायफायवर ठेवला असता तरी बहुधा चाललं असतं, पण राउटरचं काय झालंय हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

अर्ध्या तासात पोचलो. वाटेतच ठाण्याच्या बाईंना फोन करून १९३० वर तक्रार करायला सांगितलं. सायबर फसवणुकीसाठी हा देशभराचा क्रमांक आहे आणि सुट्टीच्या दिवशीही चालतो. इथे लोकांची एक गल्लत होते. अण्णांना वाटत होतं की तक्रार त्यांनी करायची, कारण नाव त्यांचं वापरलं. पैशाची तक्रार ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याने करायची असते, कारण व्यवहाराचा क्रमांक त्याच्याकडे असतो. त्या क्रमांकावरून पुढच्या बँकेला रक्कम गोठवायला सांगता येतं, पण रक्कम तिथे असेल तोवरच. चोर ती दोन-तीन खात्यांतून फिरवून काढून घेतो, म्हणून तास मोजायचे. बाईंचे पैसे निम्म्याहून अधिक गोठवले गेले. बाकी दोघांनी गुरुवारीच पाठवले होते. ते केव्हाच निघून गेले होते.

मेल पुसायचा नाही, हेही मी काकींना दोनदा बजावलं. त्यांचा हात सारखा त्या कचरापेटीच्या चित्राकडे जात होता.

ओटीपी आला नाही तरी

मग काकींच्या फोनवर अण्णांचं जीमेल उघडलं. सुरक्षेच्या पानावर कोणकोणत्या उपकरणांवरून खातं उघडं आहे त्याची यादी असते. त्यात अण्णांचा फोन, पडवीतला संगणक आणि तिसरं एक विंडोजचं यंत्र होतं, परदेशातलं. त्याला बाहेर काढलं, पासवर्ड बदलला, पर्यायी फोन नंबर आणि मेल पत्ता आपलाच आहे ना ते पाहिलं. इथवर बहुतेक जण करतात आणि थांबतात.

मी सेटिंगमधले फिल्टर उघडले; त्यासाठी माझा लॅपटॉप लागला, फोनच्या ॲपमध्ये ते दिसत नाहीत. अण्णांनी आयुष्यात फिल्टर केलेला नाही. फिल्टर म्हटलं की त्यांना पंपाचा आठवतो. तरी तिथे एक नियम होता: त्या ११ गिऱ्हाइकांच्या पत्त्यांवरून काहीही आलं की वाचलेलं दाखवून थेट कचऱ्यात टाकायचं. पुण्याच्या माणसाचा प्रश्न अण्णांना का दिसला नाही, ते इथे कळलं. चार दिवस हे चाललं होतं आणि अण्णा म्हणत होते, यंदा मेलवर कोणी विचारत नाही, मंदी दिसते. पासवर्ड बदलून हा नियम जात नाही. तो हातानेच काढावा लागतो. मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पुढे जाण्याची सोय कोणी चालू केली आहे का, तेही तिथेच शेजारी दिसतं.

अण्णांचा खरा प्रश्न वेगळाच होता आणि तो चांगला प्रश्न होता. "ओटीपी माका येवकच नाय, मगे तो आत गेलो कसो?" दोन टप्प्यांची तपासणी मीच त्यांना दोन वर्षांपूर्वी लावून दिली होती.

एसटीचा पास घ्या. पास काढताना डेपोत कागद दाखवावे लागतात, पैसे भरावे लागतात. एकदा पास हातात आला की रोज कंडक्टर नुसता बघतो आणि पुढे जातो. वेबसाइटही तेच करते. पासवर्ड आणि ओटीपी एकदा दिला की ती ब्राउझरला एक छोटी नोंद देऊन ठेवते. तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी ब्राउझर ती दाखवतो आणि दार उघडतं, म्हणून तर आपल्याला रोज पासवर्ड द्यावा लागत नाही. आता कोणी तो पासच उचलला तर? एसटीच्या पासावर निदान फोटो असतो. कुकीवर नसतो. चोराने अण्णांचा पास आपल्या यंत्रात ठेवला आणि सरळ गाडीत चढला. डेपोत तो गेलाच नाही, मग ओटीपी येणार कुठून?

"सगळीकडून बाहेर पडा" हे बटण म्हणूनच महत्त्वाचं. ते दाबलं की जुने पास रद्द होतात.

दुकानात

संगणक दुकानात आणला. सुरुवातीला काहीच दिसेना. यंत्र मंद नव्हतं, जाहिराती उडत नव्हत्या, ब्राउझरचं पहिलं पान बदललेलं नव्हतं. मी या धंद्यात आलो तेव्हा स्पायवेअर, म्हणजे संगणकात शिरून आपल्यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, म्हटलं की गोंगाट असे. २००३-०४ च्या सुमाराला सायबर कॅफेतल्या संगणकावर ब्राउझर उघडला की वर चार पट्ट्यांचे टूलबार, खाली खिडक्यांवर खिडक्या. 'गेटर'सारखी फुकट सॉफ्टवेअरं पासवर्ड लक्षात ठेवायच्या नावाखाली बसत आणि आपण काय पाहतो त्यावर नजर ठेवून जाहिराती दाखवत. तो उपद्रव इतका वाढला की मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये 'जायंट' नावाची कंपनी तिच्या स्पायवेअरविरोधी सॉफ्टवेअरसकट विकत घेतली. आज विंडोजमध्ये फुकट मिळतो तो डिफेंडर हा अँटिव्हायरस त्याच सॉफ्टवेअरचा वंशज. तेव्हाचा हेर घरात राहायला यायचा आणि रोज काहीतरी सांडायचा, म्हणून सापडायचा. आजचा जेवायलाही थांबत नाही.

स्पायवेअर म्हटलं की हल्ली लोकांना 'पेगासस' आठवतं. जुलै २०२१ मध्ये ते नाव घराघरात गेलं. ते इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं, सरकारांना विकलं जाणारं, फोनवर चालणारं महागडं हत्यार. आंबा बागायतदारावर ते कोणी वाया घालवत नाही. आपल्या वाटेला येतो तो 'स्टीलर', म्हणजे सरळ चोर, आणि त्याला तुम्ही कोण आहात याच्याशी काही देणंघेणं नसतं. तो जाळं टाकतो. बांगडा आला काय, तारली आली काय, त्याला सारखंच.

डिफेंडरने पूर्ण तपासणी केली आणि सांगितलं, काही नाही. तेव्हा मी सेटिंगमध्ये खाली 'एक्सक्लूजन्स' उघडलं. डिफेंडरने कुठे बघायचं नाही, त्या अपवादांची ही यादी. एकच ओळ होती. डी ड्राइव्ह, 'सेटअप' फोल्डर.

ती ओळ मी टाकली होती.

२०१९ साली अण्णांना पेटीवर लावायची लेबलं मराठीत छापायची होती. त्यासाठी मी त्यांना मराठी अक्षरांचं एक डीटीपी पॅकेज, म्हणजे छपाईचा मजकूर मांडायचं सॉफ्टवेअर, बसवून दिलं. पैसे न देता, क्रॅक करून, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून. क्रॅकची फाइल डिफेंडर सारखी उडवायचा, म्हणून फोल्डरच अपवादात टाकला आणि अण्णांना सांगितलं, "काय बसवचा असला तर ह्याच फोल्डरात ठेवून बसवा, तरास होवचो नाय." अण्णांनी सहा वर्षं माझा शब्द पाळला. पुतण्यालाही तेच सांगितलं.

कुणकेश्वरची महाशिवरात्रीची यात्रा त्या वर्षी २६ फेब्रुवारीला होती. पुतण्याने फोनवर यात्रेचं चित्रण केलं आणि दुसऱ्या रात्री पडवीत बसून ते जुळवायला घेतलं. व्हिडिओ संपादनाचं महागडं सॉफ्टवेअर 'फुकट' कसं मिळवायचं ते एका व्हिडिओत दाखवलं होतं, खाली लिंक होती. ब्राउझरच्या इतिहासात वेळ सापडली: २७ फेब्रुवारी, रात्री ११ वाजून १४ मिनिटं.

ती झिप फाइल अजून 'सेटअप'मध्ये पडून होती, म्हणून मला तिचा डाव नीट पाहता आला. झिपला पासवर्ड होता, १२३४, आणि तो फाइलच्या नावातच लिहिलेला. गुप्ततेसाठी असता तर नावात कशाला लिहिला असता? पासवर्ड असला की अँटिव्हायरसला झिपच्या आत बघता येत नाही, एवढ्यासाठी तो. झिप जेमतेम ९ एमबीची. उघडल्यावर आतली फाइल पावणेआठशे एमबीची झाली, कारण चोराने तिच्यात नुसती शून्यं भरली होती. झिपमध्ये दाबून बसवली की शून्यं जवळजवळ जागाच घेत नाहीत. उघडल्यावर मात्र फाइल इतकी फुगते की व्हायरसटोटलसारख्या तपासणीच्या साइटवर चढवताच येत नाही. तिथली मर्यादा ६५० एमबी आहे. तांदळात खडे मिसळून वजन वाढवावं, तसं.

मी अपवादाची ती ओळ काढली आणि त्या फोल्डरवर उजवं बटण दाबून तपासणी लावली. दहा सेकंदांत लाल पट्टी आली. नावात 'लुम्मा' होतं.

म्हणजे डिफेंडरला हा चोर ओळखता येत होता. मी त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं होतं.

लुम्मा काय करतो

लुम्मा हा भाड्याने मिळणारा चोर. बनवणारा वेगळा, महिन्याचं भाडं देऊन वापरणारे वेगळे. मायक्रोसॉफ्टने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरात ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणकांवर तो असल्याचं मोजलं, आणि मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्यासह त्याची यंत्रणा खिळखिळी केली. अण्णांचा संगणक त्या मोजणीत असेल की नाही कोण जाणे. त्याचं काम तर फेब्रुवारीतच उरकलं होतं.

काम मिनिटभराचं. ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड, कुकीज, फॉर्ममध्ये आपोआप भरले जाणारे पत्ते, डेस्कटॉपवरच्या काही फाइली, स्क्रीनचा एक फोटो. सगळं एका गाठोड्यात बांधायचं आणि पाठवून द्यायचं. ब्राउझर पासवर्ड कुलपात ठेवतो हे खरं, पण त्या कुलपाची किल्ली विंडोजमधल्या तुमच्या खात्याशी जोडलेली असते. तुमच्याच खात्यात चालणाऱ्या प्रोग्रामने किल्ली मागितली की विंडोजला वाटतं तुम्हीच मागताय. क्रोमने जुलै २०२४ मध्ये कुकीजसाठी आणखी एक कुलूप बसवलं. काही महिन्यांत चोरांनी त्यालाही वाट काढली.

मग ते गाठोडं बाजारात जातं. टेलिग्रामवर आणि इतरत्र अशी गाठोडी घाऊक विकली जातात, लिलावातल्या माशांच्या टोपल्यांसारखी. विकत घेणारा त्यातून कामाचं काय ते निवडतो. फेब्रुवारीत चोरी झाली आणि पाडव्याच्या तोंडावर पैसे गेले, मधला महिना का कोरडा गेला याचा माझ्या मते हाच अर्थ. एवढ्या अवधीत अण्णांना कुठेही काहीही जाणवलं नाही.

अण्णांच्या ब्राउझरमध्ये ४३ पासवर्ड होते. वीजबिल, रेल्वेची तिकिटं, काकींचं बुकिंगचं खातं, नेटबँकिंगसुद्धा. बँकेत प्रत्येक व्यवहाराला ओटीपी लागतो म्हणून पैसे वाचले. पण ४३ पैकी २६ ठिकाणी पासवर्ड एकच होता, गावाचं नाव आणि पुढे पिनकोड.

"सगळे बदलूचे?" काकींनी विचारलं.

सगळे बदलायचे. संगणक साफ करणं हे या प्रकरणातलं सोपं काम. घरात चोर येऊन गेला, त्याने किल्ल्यांचे ठसे घेतले. आता घर कितीही झाडून काढा, ठसे त्याच्याकडेच आहेत. माझ्याकडे येणारी बहुतेक गिऱ्हाइकं "व्हायरस काढून द्या" म्हणतात, यंत्र घेऊन जातात आणि पासवर्ड तेच ठेवतात. पूर्वी मीही त्यांना जाऊ द्यायचो. काकी आणि मी दोन संध्याकाळी बसलो. आधी मेल, मग बँक, मग बुकिंग, मग बाकीचे. मेल पहिला, कारण बाकी सगळ्यांचे विसरलेले पासवर्ड मेलवरच येतात.

नवे पासवर्ड काकींनी वहीत लिहिले आणि वही गोदरेजच्या कपाटात ठेवली. काही जाणकार यावर नाक मुरडतील. त्यांनी बिटवॉर्डनसारखा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम वापरावा, तो उत्तमच आहे. पण परदेशातल्या चोराला मिठबांवच्या आसपासचं कपाट फोडता येत नाही, आणि चौसष्ट वर्षांच्या माणसाला जे पेलेल तेच टिकतं.

संगणक मी धुऊन पुन्हा उभा केला, म्हणजे डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकलं. लुम्मा स्वतः थांबत नसला तरी जाताना दुसऱ्या कोणाला आत सोडून गेला असेल, याची खात्री कोण देणार? फोटो, हिशोबाच्या एक्सेल फाइली आणि पत्रं तेवढी वेगळी काढली, प्रोग्रामची एकही फाइल घेतली नाही. नव्या विंडोजचा पेनड्राइव्ह दुकानातल्या यंत्रावर, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून बनवला. विंडोज अस्सल होतं, त्याचा परवाना आपोआप लागू झाला. लेबलांचं ते डीटीपी पॅकेज पुन्हा टाकलं नाही. त्याची गरजही राहिली नव्हती: २०१९ पासून विंडोज १० मध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड येतो, 'aamba'च्या उच्चाराची बटणं दाबली की 'आंबा' उमटतं, आणि लेबल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या अक्षरांत, छान छापलं जातं. सहा वर्षांपूर्वी मी पाच मिनिटं शोधलं असतं तर अपवादाची ती ओळ टाकावीच लागली नसती.

आता खाती दोन. 'मालक' हे ॲडमिनिस्ट्रेटरचं, त्याचा पासवर्ड वहीत. 'घर' हे साधं, रोजचं. पुतण्याने काही बसवायचं म्हटलं की स्क्रीन पासवर्ड मागते आणि त्याला उठून काकींकडे जावं लागतं. खरं सांगायचं तर लुम्मासारख्याला साध्या खात्यातूनही पासवर्ड चोरता येतात. पण तेवढं चार पावलं चालणं पुष्कळदा पुरतं. फाइलींच्या नावामागची शेपटी दिसेल असं सेटिंग केलं. एरवी ती लपलेली असते आणि 'पावती.पीडीएफ.ईएक्सई' नावाची प्रोग्रामची फाइल 'पावती.पीडीएफ' म्हणून समोर येते. हा संगणक जुना, विंडोज ११ घेत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला तेव्हा तो वाढीव सुरक्षेच्या योजनेत नोंदवला. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यापुढच्या हंगामाआधी नवा घ्यावा लागेल असं सांगितलंय. अण्णा बघू म्हणाले आहेत, म्हणजे नाही.

पाहुण्यांचे आधार

ही गोष्ट मला तिसऱ्या दिवशी सुचली, खरं तर पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. डेस्कटॉपवर 'गेस्ट' नावाचा फोल्डर होता. खोल्यांत राहून गेलेल्यांच्या आधार कार्डांचे स्कॅन, पाच वर्षांचे. गाठोड्यात ते गेले की नाही हे सांगता येत नाही, पण डेस्कटॉपवरच्या फाइली उचलणं ही या चोरांची सवयच.

काकींना कळवायला लाज वाटत होती. शेवटी त्यांनी ज्यांचे नंबर होते त्यांना एक सरळ संदेश लिहिला: आमच्या संगणकात चोरी झाली, तुमच्या आधारची प्रत गेली असण्याची शक्यता आहे, यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्या, साइटवर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. दोघांनी रागाने उत्तर दिलं. एकाने पुढच्या डिसेंबरचं बुकिंग केलं. स्कॅन पुसले. आता पाहुण्यांकडून पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार मागतात, पाहतात, वहीत नाव लिहितात, प्रत ठेवत नाहीत. तिकीट छापायला पाहुण्याचा पेनड्राइव्हही लावत नाहीत.

पैशाचं पुढे

नियम एक आहे आणि लोक तो अर्धाच सांगतात. तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, तुमच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले, चूक ना तुमची ना बँकेची, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तोटा तुमच्यावर येत नसे. इथे ते लागू पडेना. तिन्ही गिऱ्हाइकांनी पैसे स्वतःच्या हाताने पाठवले होते, फसून का होईना. त्यामुळे उरला तो पोलिसांचा रस्ता: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी, दुसऱ्याची ओळख वापरल्याबद्दल, आणि ६६डी, तोतयेगिरी करून फसवल्याबद्दल. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, सापडला तर.

अण्णांनी वाट पाहिली नाही. तिघांनाही ठरलेल्या पेट्या गेल्या. मी म्हटलं, तुमचीही फसवणूकच झाली आहे, निम्मं निम्मं तरी करा. ते म्हणाले, "आंबे देवकच व्हये. पत्रावर नाव आमचाच होता." त्या पेट्यांची निम्मी किंमत मी दिली. त्यांनी दोनदा परत केली, तिसऱ्यांदा काकींकडे ठेवून आलो.

आता गिऱ्हाइकांना जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली एक ओळ असते: 'खाते क्रमांक बदलल्याचे आम्ही मेलवर कधीही कळवणार नाही. शंका आल्यास फोन करावा, मेलवर विचारू नये.'

एप्रिलमध्ये मी दुकानातल्या जुन्या वह्या काढल्या. कोणाच्या संगणकावर कुठला फोल्डर अपवादात टाकला ते मी कधी लिहून ठेवलं नव्हतं, पण क्रॅक बसवल्याची खूण म्हणून नावापुढे फुली मारायची सवय होती. ३१ फुल्या निघाल्या. पहिले काही फोन अवघड गेले. "तेव्हा तर तूच म्हणालेलास, काय होवचा नाय" हे वाक्य मी आठ-दहा वेळा ऐकलं. पावसाच्या आत २६ घरं झाली. दोघांनी संगणक भंगारात दिले होते. तीन घरांना कुलूप होतं, माणसं मुंबईला असतात, गणपतीला येतात.